गणपतीला गावी जायचंय आणि तिकीट वेटिंगला: कुठला अर्ज, कुठली कागदपत्रं आणि किती वाजेपर्यंत

गणपती, मे महिना आणि दिवाळी या तीन सीझनला कोकणकन्या, मांडवी, तुतारी, जनशताब्दी, नेत्रावती यातली कुठलीही गाडी घ्या, सकाळी आठला बुकिंग उघडतं, आधी तीन आकडी वेटिंग दिसतं आणि मग सरळ 'रिग्रेट', म्हणजे वेटिंगचं तिकीटही बंद. यावर जादू कुणाकडेच नाहीये. पण वेटिंग तिकीट, ऐनवेळी यायचं रद्द झालेला माणूस, बंद पडलेला एसी, तासन्‌तास लेट गाडी, यातल्या प्रत्येकासाठी रेल्वेचा ठरलेला अर्ज आहे आणि बहुतेकांना तो ऐकून माहीत पण असतो, फक्त तो किती वाजेपर्यंत करायचा हे माहीत नसतं आणि पैसे तिथेच जातात. म्हणून खाली सगळीकडे वेळ नीट बघा, बाकीचं कळतंच.

पहिलं म्हणजे आयआरसीटीसीचं अकाउंट आधारने व्हेरिफाय करून ठेवा, आणि हे बुकिंगच्या दिवशी सकाळी पावणेआठला नाही, आठवडाभर आधी. १ जुलै २०२५ पासून तत्काळचं ऑनलाइन तिकीट आधार व्हेरिफाय केलेल्या अकाउंटवरूनच निघतं, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीच्या रिझर्वेशनलाही बुकिंग उघडल्यावरची पहिली १५ मिनिटं फक्त अशाच लोकांसाठी ठेवली, पुढे ही वेळ वाढवतच नेली. म्हणजे आधार नसलेलं अकाउंट घेऊन गर्दीच्या तारखेला बसण्यात अर्थच उरलेला नाही. माय अकाउंटमध्ये 'ऑथेंटिकेट युजर' असा पर्याय आहे, तिथे आधार नंबर टाकायचा, ओटीपी येतो, झालं. अडतं ते दोन ठिकाणी: अकाउंटवर नाव एका पद्धतीने आणि आधारवर दुसऱ्या पद्धतीने असेल तर, नाहीतर आधारला जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद पडलेला असेल तर. घरातल्या म्हाताऱ्यांचं हमखास असं असतं, मग आधार केंद्रात जाऊन नंबर अपडेट करण्यावाचून इलाज नाही. एक फायदा असा की व्हेरिफाय अकाउंटवरून महिन्याला २४ तिकिटं काढता येतात, एरवी १२. काउंटरवर तत्काळ काढायला गेलात तरी आता ओटीपी लागतो, त्यामुळे फोन घरी ठेवून रांगेत उभं राहू नका. एजंटला तत्काळचा पहिला अर्धा तास बंद आहे (एसीला १० ते १०:३०, नॉन-एसीला ११ ते ११:३०), तेव्हा "मी दहाच्या ठोक्याला काढून देतो" असं सांगणाऱ्यापासून जरा लांबच राहा.

तारखेचा हिशोब. १ नोव्हेंबर २०२४ पासून बुकिंग १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस न धरता. म्हणजे १२ सप्टेंबरची गाडी असेल तर १४ जुलैला सकाळी आठ. आता यात गंमत अशी की हे ६० दिवस गाडी पहिल्या स्टेशनवरून ज्या तारखेला सुटते तिथून मोजतात, तुम्ही चढता त्या तारखेपासून नाही. कोकणकन्या सीएसएमटीवरून रात्री अकरानंतर सुटते आणि पनवेलला बारा वाजून गेलेले असतात, म्हणजे पनवेलहून चढणाऱ्याची तिकिटावरची तारीख एक दिवस पुढची पण बुकिंग मात्र सीएसएमटीच्या तारखेप्रमाणे उघडतं. तत्काळलाही हेच, गाडी सुटण्याच्या तारखेच्या आदल्या दिवशी. पनवेलचे लोक यात दरवर्षी फसतात, कोण एक दिवस उशिरा बुकिंगला बसतो तर कोण १२ तारखेच्या रात्रीची गाडी पकडायची म्हणून १२ तारखेचंच तिकीट काढतो आणि गाडी आदल्याच रात्री निघून गेलेली असते.

वेटिंग किती आहे यापेक्षा ते कुठलं आहे ते आधी बघा. पीएनआर (तिकिटावरचा बुकिंग नंबर) टाकल्यावर दोन स्टेटस दिसतात, बुकिंग आणि करंट. समजा बुकिंगला जीएनडब्ल्यूएल ४८ आणि करंटला १२ असेल तर तिकीट काढताना तुमचा नंबर ४८ होता आणि आज पुढे ११ जण आहेत. जीएनडब्ल्यूएल म्हणजे जनरल कोट्यातलं वेटिंग, यात सीटा जास्त म्हणून कॅन्सलही जास्त होतात आणि नंबर लवकर सरकतो. आरएलडब्ल्यूएल मधल्या मोठ्या स्टेशनांच्या कोट्यातलं, पीक्यूडब्ल्यूएल बऱ्याच छोट्या स्टेशनांच्या एकत्र कोट्यातलं, या दोन्हींत मुळातच सीटा मोजक्या त्यामुळे पीक्यूडब्ल्यूएल १५ सुद्धा तसंच्या तसं लटकलेलं राहू शकतं. मडगावची गाडी आणि उतरायचं चिपळूणला, तर बऱ्याचदा पीक्यूडब्ल्यूएल पदरी पडतं. म्हणून काही लोक शेवटपर्यंतचं तिकीट काढून मध्ये उतरतात. चालतं, उरलेल्या अंतराचे पैसे मात्र परत मिळत नाहीत. सोबत म्हातारी माणसं असतील तर माझ्या मते तेवढे पैसे गेले तरी चालतील. तत्काळचं वेटिंग (टीक्यूडब्ल्यूएल) घेऊच नका, ते फारसं हलत नाही.

चार्टचं गणित अलीकडे पार बदललंय. पूर्वी चार्ट, म्हणजे कुणाला कुठली सीट मिळाली त्याची यादी, गाडी सुटायच्या चार तास आधी लागायचा. जुलै २०२५ पासून तो आठ तास आधी आणला आणि डिसेंबरपासून आणखी मागे नेला: पहाटे पाचनंतर ते दुपारी दोनपर्यंत सुटणाऱ्या गाड्यांचा चार्ट आदल्या रात्री आठपर्यंत, बाकीच्यांचा निदान दहा तास आधी. म्हणजे मांडवीचं काय झालं ते आदल्या रात्रीच कळतं आणि परळ किंवा मुंबई सेंट्रलहून एसटी बघायला वेळ राहतो, हे खरंच चांगलं केलं. चार्टनंतर ई-तिकीट पूर्ण वेटिंगलाच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, काहीही अर्ज नाही, माणशी ६० रुपये क्लर्केज (रद्द करण्याचं कारकुनी शुल्क) कापून (एसीला वर जीएसटी) पैसे परत. आयआरसीटीसीची कन्व्हिनियन्स फी मात्र गेली ती गेलीच. काउंटरचं तिकीट आपोआप रद्द होत नाही. ते तुम्हाला गाडी सुटायच्या किमान अर्धा तास आधी रद्द करावं लागतं आणि हे न केल्यामुळे बरेच जण पूर्ण पैशावर पाणी सोडतात. आणि काउंटरचं वेटिंग घेऊन स्लीपरमध्ये चढता येतं हा समज आता सोडा, टीसी दंड करून जनरलला पाठवतो. एकाच पीएनआरवर दोघं कन्फर्म आणि दोघं वेटिंग असतील तर चौघंही जाऊ शकतात, बर्थ दोनच मिळतील. आरएसी (दोघांत एक बर्थ) असेल तर निःशंक चढा, साइड लोअरवर दोघांनी बसून जायचं, वाटेत कोणी आलं नाही तर टीसी पूर्ण बर्थ देतो.

तिकीट काढतानाच 'विकल्प' निवडता येतो, फुकट आहे. सात गाड्यांपर्यंत पर्याय देता येतात आणि तुमचं कन्फर्म झालं नाही तर त्यातल्या एखाद्या गाडीत जागा मिळू शकते. एकदा मिळाली की मूळ गाडीत चढता येत नाही, आणि नको म्हणून रद्द केलीत तर कन्फर्म तिकीट रद्द केल्याचे पैसे कापतात. चार्टनंतर पीएनआर पुन्हा न बघता जुन्याच गाडीच्या प्लॅटफॉर्मवर उभे राहणारे लोक मी पाहिलेत.

आता इमर्जन्सी कोटा, म्हणजे तातडीच्या कारणांसाठी राखून ठेवलेल्या सीटा, ज्याला सगळे 'व्हीआयपी कोटा' किंवा 'एचओ' म्हणतात. आधी मंत्री, खासदार, आमदार यांच्या मागण्या लागतात हे खरंय, पण आजारपण, घरातलं निधन, नोकरीचा इंटरव्ह्यू अशा कारणांसाठी साधा माणूसही अर्ज करू शकतो. पात्रता एवढीच की हातात वेटिंग तिकीट पाहिजे, तिकिटाशिवाय हा कोटा मिळत नाही. साध्या कागदावर अर्ज लिहायचा, त्यात पीएनआर, गाडी नंबर, तारीख, क्लास, कुठून कुठे, किती माणसं, मोबाइल नंबर आणि कारण. सोबत तिकिटाची कॉपी, ओळखपत्राची झेरॉक्स आणि कारणाचा पुरावा, म्हणजे हॉस्पिटलचं पत्र किंवा इंटरव्ह्यूचं कॉल लेटर. हा अर्ज डीआरएम (रेल्वेचे विभागीय व्यवस्थापक) ऑफिसच्या कमर्शियल विभागात द्यायचा, आमदार-खासदारांच्या ऑफिसमधून पत्र गेलं तर वजन पडतं ही वस्तुस्थिती आहे. वेळ: रात्री १२ ते दुपारी २ मधल्या गाडीसाठी आदल्या दिवशी दुपारी १२ पर्यंत, दुपारी २ नंतरच्या गाडीसाठी आदल्या दिवशी ४ पर्यंत. त्याच दिवशी दिलेला अर्ज घेत नाहीत, आणि रविवारची किंवा सुट्टीच्या दिवसाची गाडी असेल तर आधीच्या कामाच्या दिवशीच द्यावा लागतो. म्हणजे शनिवारी रात्रीच्या कोकणकन्येसाठी शुक्रवारी चारच्या आत कागद पोचला पाहिजे. मिळेलच असं नाही, गणपतीच्या आदल्या दिवशी तर आशाच करू नका. याला फी नाही, कोणी माणशी पाचशे-हजार मागत असेल तर ते त्याच्या खिशात जातात.

कन्फर्म तिकीट आहे पण ज्याच्या नावावर आहे त्याला सुट्टीच मिळाली नाही, हे तर घरोघरी. नाव बदलता येतं, पण फक्त आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको यांच्या नावावर. चुलत भाऊ चालत नाही, मेहुणा नाही, मित्र तर नाहीच. गाडी सुटायच्या २४ तास आधी रिझर्वेशन ऑफिसात जाऊन चीफ रिझर्वेशन सुपरवायझरकडे लेखी अर्ज द्यायचा, ऑनलाइन होत नाही. बरोबर ई-तिकिटाची प्रिंट किंवा मूळ काउंटर तिकीट, दोघांची ओळखपत्रं आणि नात्याचा पुरावा लागतो. रेशनकार्डावर दोघांची नावं असतील तर सगळ्यात सोपं, भावाबहिणीच्या बाबतीत बहिणीचं लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर मॅरेज सर्टिफिकेटही खिशात ठेवा, नाहीतर खिडकीवर उगाच वाद. एका तिकिटावर हे एकदाच करता येतं.

बोर्डिंग स्टेशन (जिथून गाडीत चढणार ते) बदलणं त्यामानाने सोपं, दादरऐवजी ठाणे किंवा पनवेल करायचं तर आयआरसीटीसीवर बुक्ड तिकिटात पर्याय आहे, चार्ट लागायच्या आधी करा. बदललं की मूळ स्टेशनवरून चढायचा हक्क जातो.

गाडीत आपल्या जागेवर कोणी बसलंय आणि उठत नाही, अशा वेळी भांडत बसू नका. टीसीला शोधा, नाही सापडला तर १३९ ला फोन किंवा रेल मदद अॅपवर पीएनआर, डबा आणि बर्थ नंबर टाकून तक्रार, तक्रारीचा नंबर मेसेजने येतो. मुंबई-पुणे मार्गावर डेक्कन क्वीन, प्रगतीसारख्या गाड्यांत पासधारकांचे डबे वेगळे असतात, तिथे आपण चुकून शिरलो तर उठायचं आपणच. ओळखपत्र मूळ ठेवा किंवा डिजिलॉकरमधलं दाखवा, एका पीएनआरवर एकाकडे असलं तरी चालतं, पण एकाकडेही नसेल तर विनातिकीट धरतात.

आणि शेवटी टीडीआर, म्हणजे तिकीट डिपॉझिट रिसीट, पैसे परत मागायचा अर्ज. गाडी तीन तासांपेक्षा जास्त लेट असेल आणि तुम्ही गेलाच नाहीत तर पूर्ण भाडं परत मिळतं, कन्फर्म तत्काळलाही. अट एकच, टीडीआर गाडी तुमच्या स्टेशनवरून प्रत्यक्ष सुटायच्या आत भरलेला पाहिजे. प्लॅटफॉर्मवर कंटाळून घरी गेलात आणि दुसऱ्या दिवशी भरलात तर गेलं. तत्काळमध्ये हे तीन तास तिकीट जिथून काढलंय त्या स्टेशनवर मोजतात, बदललेल्या बोर्डिंगवर नाही. काउंटर तिकीट असेल तर तेही गाडी सुटायच्या आत खिडकीवर जमा करायचं.

एसी बंद पडला तर नुसती तक्रार करून भागत नाही. टीसीकडून लेखी सर्टिफिकेट घ्या, त्यावर पीएनआर, डबा आणि कुठल्या स्टेशनपासून कुठल्या स्टेशनपर्यंत एसी बंद होता ते लिहून घ्या, सही घ्या. रोह्यापासून रत्नागिरीपर्यंत बंद असेल तर तेवढ्याच अंतराचा फरक मिळतो, थ्री एसीला स्लीपरच्या भाड्याशी तुलना करून. टीसी टाळाटाळ करतो, "पुढच्या स्टेशनवर देतो" म्हणतो आणि मधेच ड्युटी बदलते, म्हणून गाडीत असतानाच कागद हातात घ्यायचा. उतरल्यापासून २० तासांत टीडीआर भरायचा आणि मूळ सर्टिफिकेट आयआरसीटीसीला पोस्टाने पाठवायचं, पाठवण्याआधी फोटो काढून ठेवा. चौघांतले दोघंच गेले असतील किंवा गाडी दुसऱ्या मार्गाने नेल्यामुळे तुमचं स्टेशनच लागलं नसेल तर ७२ तासांची मुदत आहे.

भरायचा कुठे? आयआरसीटीसीवर माय ट्रान्झॅक्शन्समध्ये 'फाइल टीडीआर', पीएनआर निवडा, ज्यांचे पैसे हवेत त्यांच्या नावासमोर टिक करा, यादीतून कारण निवडा. कारण नीट वाचून निवडा, घाईत भलतंच निवडलं तर अर्ज त्याच कारणावर तपासला जातो आणि नाकारला जातो. पुढे निर्णय त्या झोनची रेल्वे घेते, आयआरसीटीसी फक्त अर्ज पुढे पाठवते, त्यामुळे दोन महिने किंवा जास्तही लागतात, टीडीआर हिस्टरीत स्टेटस बघत राहायचं. पैसे आले तर ज्या खात्यातून किंवा कार्डवरून तिकीट काढलं होतं तिथेच येतात, मधल्या काळात कोणी फोन करून "रिफंड अडकलाय, लिंकवर खातं नंबर भरा" म्हणाला तर फोन ठेवून द्या.