शॉर्टवेव्हचा घरगुती सेट आणि कम्युनिकेशन्स रिसीव्हर: चेहरा सारखा, पोट वेगळं

जुना शॉर्टवेव्ह सेट घ्यायला निघालेला माणूस सहसा डायल बघून भुलतो. ५५० किलोहर्ट्झपासून ३० मेगाहर्ट्झपर्यंतचे आकडे, चार-पाच पट्टे आणि एक जड नॉब दिसला की विकणारा त्याला बिनदिक्कत ‘कम्युनिकेशन्स रिसीव्हर’ म्हणतो आणि किंमत वाढवतो. प्रत्यक्षात शॉर्टवेव्ह पकडणारे जुने सेट दोन वेगळ्या जातींचे असतात. एक घरात बसून परदेशी कार्यक्रम ऐकण्यासाठी बनलेला. दुसरा जहाज, लष्कर, तारायंत्रणा आणि हौशी प्रसारक यांच्यासाठी, म्हणजे गर्दीतून एकच सिग्नल उचलून तासन्‌तास धरून ठेवण्यासाठी. दोघांचीही मोहिनी अजून टिकून आहे, पण कारणं वेगळी आहेत. चुकीच्या कारणासाठी चुकीचा सेट घेतला की तो महिन्याभरात कपाटावर जातो.

बाहेरून ओळखायचं तर आधी नॉब मोजा. घरगुती सेटवर आवाज, टोन, बँड आणि ट्यूनिंग एवढंच असतं. कम्युनिकेशन्स सेटवर यांशिवाय आरएफ गेन (अँटेनाचा सिग्नल किती वाढवायचा ते), बीएफओ (आतच तयार होणारी पूरक लहर, जिच्याशिवाय काही सिग्नल बोबडे ऐकू येतात), एव्हीसी (सिग्नलची पातळी आपोआप सांभाळणारी सोय) बंद करायचा स्विच, नॉइज लिमिटर (खरखर कापणारा) आणि बहुधा सिलेक्टिव्हिटी (शेजारची स्टेशनं किती कापायची ते) किंवा क्रिस्टल फेझिंग (नको तो सिग्नल खोडायची सोय) लिहिलेलं दिसतं. पण चेहऱ्यावर फार भरवसा ठेवू नये. १९४६ साली आलेला हॅलिक्राफ्टर्स कंपनीचा एस-३८ बघा. काळा पत्र्याचा डबा, बँडस्प्रेड (बारीक ट्यूनिंगची सोय), बीएफओ, सगळा थाट मोठ्या भावांचा. आत मात्र आरएफ अँप्लिफायर, म्हणजे अँटेनाचा सिग्नल आधीच गाळून वाढवणारी आरएफ स्टेज, नाही, मेन्स ट्रान्सफॉर्मर नाही. घरगुती स्वस्त सेटचंच सर्किट, त्याला बीएफओ जोडलेला. उलट टोकाला दक्षिण आफ्रिकेत बनलेला बार्लो वॅडली एक्ससीआर-३०. दिसायला हँडलवाला ट्रान्झिस्टर, पण आत वॅडली लूप (ट्यूनिंग सरकू न देणारं सर्किट), एकेक मेगाहर्ट्झच्या टप्प्यांनी ३० मेगाहर्ट्झपर्यंत जाणारा आणि एसएसबीही (वाहक लहर गाळून, तिच्या एकाच बाजूच्या पट्ट्यावर, म्हणजे साइडबँडवर, पाठवलेला आवाज) घेणारा.

म्हणून मागचं झाकण काढायला मिळालं तर गँग, म्हणजे ट्यूनिंगचा अनेक भागांचा फिरता कपॅसिटर, बघा. मुख्य गँगला दोनच भाग असतील तर एक ऑसिलेटरचा (सेटच्या आत लहर तयार करणारा भाग) आणि एक अँटेनाचा; आरएफ स्टेज नाही. तीन भाग असतील तर जवळपास नक्की एक आरएफ स्टेज आहे. चार असतील तर दोन. १९३५ च्या नॅशनल कंपनीच्या एचआरओ रिसीव्हरला चार आहेत. लेबल खोटं बोलू शकतं, गँग सहसा बोलत नाही. आणि ही परीक्षा घरगुती सेटलाही न्याय देते: झेनिथचा व्हॉल्व्हवाला (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांचा) ट्रान्स-ओशनिक, ज्याचं पहिलं मॉडेल १९४२ चं, हा सरळसरळ कार्यक्रम ऐकायचा पोर्टेबल आहे, बीएफओ नाही, तरी त्यात आरएफ स्टेज आहे. शॉर्टवेव्हवर त्याचं नाव झालं त्यात या स्टेजचा वाटा मोठा.

आरएफ स्टेजवर एवढा भर का, ते प्रतिमा-सिग्नलवरून कळतं. बहुतेक जुन्या सेटमध्ये आयएफ (मधली ठराविक वारंवारता, जिच्यावर प्रत्येक स्टेशन उतरवलं जातं) ४५५ किलोहर्ट्झची असते आणि ऑसिलेटर स्टेशनच्या ४५५ किलोहर्ट्झ वर चालतो. मग ऑसिलेटरच्या तितकंच वर असलेलं स्टेशनही त्याच आयएफमध्ये शिरतं, हाच प्रतिमा-सिग्नल. दोघांत अंतर ९१० किलोहर्ट्झ. मीडियमवेव्हवर १ मेगाहर्ट्झला हे अंतर जवळजवळ स्टेशनच्या वारंवारतेएवढंच असल्याने एक ट्यून्ड कॉइलही नको ते सहज गाळते. १५ मेगाहर्ट्झला तेच अंतर जेमतेम ६ टक्के, आणि एकटी कॉइल हतबल होते. तपासणी सोपी आहे. १० मेगाहर्ट्झवरचा वेळेचा सिग्नल, तो टिक-टिक आवाज, आधी डायलवर १० ला शोधा. मग काटा ९.०९ वर आणा. तिथेही टिक-टिक जवळपास तेवढीच जोरात आली तर पुढची गाळणी कच्ची आहे. घरगुती सेटवर ‘इतकी स्टेशनं लागतात!’ म्हणून जो आनंद होतो, त्यातली बरीच स्टेशनं ही दुसऱ्यांदा आलेली असतात.

डायलबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण खरी गंमत आणि खरा वैताग दोन्ही तिथेच आहेत. समजा एका पट्ट्यात ६ ते १८ मेगाहर्ट्झ आहेत आणि पट्टा १५ सेंटीमीटर लांब. म्हणजे सरासरी एका मिलिमीटरमध्ये ८० किलोहर्ट्झ. प्रसारण केंद्रं ५ किलोहर्ट्झच्या अंतराने बसतात, तेव्हा त्या एका मिलिमीटरमध्ये सोळा जागा. काटा सुईएवढा बारीक असला तरी काय उपयोग? चांगल्या घरगुती सेटांनी यावर उपाय काढला तो बँडस्प्रेडचा: ४९, ४१, ३१, २५, १९ मीटर असे पट्टे वेगवेगळे ताणून द्यायचे. ३१ मीटर म्हणजे साधारण ९.४ ते ९.९ मेगाहर्ट्झ, एवढाच तुकडा पूर्ण डायलभर पसरला की बोटांनी स्टेशन लावता येतं. मीटरवरून आकडा काढायचा तर ३०० ला मीटरने भागा, मेगाहर्ट्झ मिळतात.

हॅलिक्राफ्टर्स घराण्यात मात्र बँडस्प्रेड ही दुसरी, वेगळी गँग असते, मुख्य गँगला समांतर. ती अर्धवट फिरवून ठेवली तर मुख्य डायलचे सगळे आकडे सरकतात. ‘डायल चुकीचा दाखवतो’ या तक्रारीत कित्येकदा एवढंच असतं. बँडस्प्रेडची गँग पूर्ण उघडी, म्हणजे तिच्या खुणेच्या टोकाला ठेवा आणि मगच मुख्य डायल तपासा. हे न करता कुणी ट्रिमरला (जुळणीच्या छोट्या कपॅसिटरला) स्क्रूड्रायव्हर लावला, तर मूळ जुळणी कायमची हातची जाते.

एचआरओचा प्रकार आणखी वेगळा. त्याच्या डायलवर मेगाहर्ट्झ नाहीतच. ० ते ५०० असे भाग, नॉबचे दहा फेरे, आणि प्रत्येक बँडची कॉइल पुढून खणासारखी ओढून बदलायची. खणाच्या तोंडावर आलेख छापलेला असतो, त्यावरून भाग बघून वारंवारता काढायची. घरातल्या इतरांना हे वेड वाटेल, पण गीअर इतके घट्ट आणि झोल नसलेले असतात की आज ३१२ ला लागलेलं स्टेशन उद्या ३१२ लाच लागतं. कॉलिन्स कंपनीच्या घडणीचा आर-३९०ए रिसीव्हर याच विचाराचं टोक आहे: यांत्रिक आकडे किलोहर्ट्झपर्यंत दाखवतात, नॉबचा एक फेरा म्हणजे १०० किलोहर्ट्झ, आणि बँडविड्थ ०.१ पासून १६ किलोहर्ट्झपर्यंत सहा टप्प्यांत. व्हॉल्व्ह २६, वजन पस्तीस किलोच्या वर. एकट्याने टेबलावर चढवायच्या फंदात पडू नये.

आता कानाला काय मिळतं ते बघू. कार्यक्रम ऐकायला माझं मत स्पष्टपणे घरगुती सेटच्या बाजूने आहे. त्याची आयएफ रुंद असते, लाकडी पेटी मोठी, स्पीकर ऐसपैस. माणसाचा आवाज भरदार येतो. कम्युनिकेशन्स सेट मुद्दाम अरुंद कापतो. ३ किलोहर्ट्झवर संगीत ऐकलं तर ते टेलिफोनमधून आल्यासारखं लागतं. पण शेजारचं स्टेशन अंगावर चढलं की हाच अरुंदपणा कामाला येतो, आणि एसएसबी तर बीएफओशिवाय नाहीच. घरगुती सेटवर हौशी प्रसारक किंवा विमानांचा एसएसबी संवाद नुसता घशात अडकलेला बोबडा आवाज होतो, कितीही ट्यून केला तरी.

जुन्या कम्युनिकेशन्स सेटवरही एसएसबी आपोआप सुटत नाही. सेट अर्धा तास तापू द्या, नाहीतर दर मिनिटाला आवाजाची पट्टी सरकत राहील. एव्हीसी बंद करा. आवाजाचा नॉब बराच वर न्या आणि आरएफ गेन अगदी खाली. बीएफओ बंद ठेवून सिग्नल जास्तीत जास्त करा, मग बीएफओ चालू करून त्याचा पिच नॉब हळू फिरवा. आरएफ गेन खाली ठेवण्यामागचं कारण असं की साध्या डायोड डिटेक्टरला (सिग्नलमधून आवाज वेगळा काढणाऱ्या भागाला) बीएफओ हा येणाऱ्या सिग्नलपेक्षा जोरकस लागतो. सिग्नल वरचढ झाला की बोलणं फाटतं. बहुतेक लोक उलटं करतात आणि सेटला दोष देतात. हौशी बँडवर १० मेगाहर्ट्झच्या खाली खालचा साइडबँड, वर वरचा, ही पद्धत लक्षात असली की पिच कोणत्या बाजूला न्यायचा ते पटकन कळतं.

जोडणीतही दोघांचे हट्ट वेगळे. घरगुती सेटला दहा मीटर तार पुरे. पोर्टेबलला त्याहून लांब दिली तर पुढचा भाग ओव्हरलोड होऊन नको ती मिश्रणं ऐकू येतात. कम्युनिकेशन्स सेटच्या मागे बहुधा ए१, ए२ आणि जी अशी तीन टर्मिनलं असतात. एकेरी तार लावणार असाल तर ती ए१ ला, आणि ए२ व जी यांच्यात पट्टी जोडायची. पट्टी हरवलेली असते, म्हणून सेट बहिरा वाटतो. स्पीकरचंही तसंच. या सेटांत बहुधा स्पीकर आत नसतो आणि आउटपुट ५०० किंवा ६०० ओहमचं असू शकतं. त्याला थेट ८ ओहमचा स्पीकर लावला तर आवाज दबका येतो. मधे मॅचिंग ट्रान्सफॉर्मर हवा. व्हॉल्व्हचा सेट स्पीकर न लावता मोठ्या आवाजावर चालवणं हे तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाळण्याचा हमखास मार्ग आहे.

वीज देण्यापूर्वीची काळजी दोघांनाही लागते, पण ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी/डीसी सेटला जास्त. त्यात व्हॉल्व्हचे फिलामेंट एकाला एक जोडलेले असतात, त्यामुळे एक गेला की सगळे अंधारात. आणि मेन्सची एक तार चासीशी (धातूच्या सांगाड्याशी) थेट किंवा एका जुनाट कपॅसिटरमधून जोडलेली असते. पत्र्याच्या डब्यात असा सेट म्हणजे शॉक ठरलेला. एकास एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय त्याला हात लावू नये. ११७ व्होल्टचा सेट २३० वर चालवायला ऑटोट्रान्सफॉर्मर वापरतात, तो व्होल्टेज उतरवतो पण विलग करत नाही, हे विसरू नका.

मेणकागदी कपॅसिटर सगळे बदला. चांदीचे मायका आणि सिरॅमिक सहसा ठीक असतात. पहिला संशयित आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवरचा कपलिंग कपॅसिटर. ग्रिडवर व्होल्टमीटर लावला तर शून्य किंवा किंचित ऋण दिसायला हवं. एक-दोन व्होल्ट धन दिसलं तर कपॅसिटर गळतोय, व्हॉल्व्ह लाल होणार आणि ट्रान्सफॉर्मरही सोबत जाणार. तिथे ६३० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर टाका. सतत घुमणारा आवाज आला तर फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेत. आयएफटीचे (आयएफ ट्रान्सफॉर्मरचे) स्क्रू मात्र सगळ्यात शेवटी, आणि तेही सिग्नल जनरेटर हाताशी असेल तरच. दुसऱ्या बिघाडाची भरपाई म्हणून ते फिरवले तर आधीच्या बिघाडावर नवा बिघाड चढतो.

बजेट एकाच सेटचं असेल आणि रात्री आरामात प्रसारण ऐकायचं असेल, तर तीन भागांच्या गँगचा, ताणलेल्या बँडचा घरगुती सेट शोधा. बॅटरीवर चालणारा असेल तर आणखी बरं: घरातल्या चार्जर आणि एलईडी दिव्यांच्या खरखरीपासून तो उचलून गच्चीवर नेता येतो. आर-३९०ए गच्चीवर जात नाही, त्याची तार तिथे न्यावी लागते.