पाइप कुठून न्यायचा, हे कॉम्प्युटर कसं ठरवतो?

हिंगणघाटकडे जिनिंग (कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना) असलेल्या एका मित्रानं परवा व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात पाठवली : ‘एआय करेल तुमचं पाइपिंग, एका क्लिकमध्ये!’ खाली त्याचा प्रश्न होता, ‘आता ड्राफ्ट्समनले घरी पाठवाचं काय गा?’

क्लिक एकच असेल, त्याबद्दल वाद नाही. पण डबीवरचा एआयचा शिक्का नवा असला, तरी आतला बराचसा माल १९६१ सालचा आहे. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमधल्या सी. वाय. ली यांनी सर्किटमध्ये दोन टोकं तारेनं कशी जोडावीत, यासाठी तेव्हा एक रीत मांडली. पाइप म्हणजे जाड तार एवढंच समजा, की हीच रीत कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, चालते. मला ती इतकी आवडते, की मित्राचं उत्तर जरा लांबणार आहे.

जिनिंगचंच उदाहरण घेऊ. कापूस, रुई, सरकी सगळी जळाऊ, त्यामुळे आग विझवायच्या हायड्रंटची लाइन हवीच. पंपापासून शेडच्या पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत १०० मिलिमीटरचा पाइप न्यायचाय. मध्ये रेच्यांची (सरकी काढणाऱ्या यंत्रांची) रांग, कापूस ओढणारा सक्शनचा पाइप, गठाणींचा प्रेस, केबलचे ट्रे, ट्रसचे खांब. सॉफ्टवेअर आधी सगळ्या शेडचे चौकोनी ठोकळे पाडतं. शेड ४० मीटर लांब, २० रुंद, ८ उंच आणि ठोकळा १० सेंटिमीटरचा धरला, तर ६४ लाख घरं होतात. यंत्रं आणि खांब ज्या घरांत आहेत ती बंद, बाकीची मोकळी.

आता पंपाच्या घरात ० लिहा. त्याला लागून असलेल्या मोकळ्या घरांत १, त्यांच्या शेजारच्यांत २. सपाट वावरात पाणी सोडलं की ते चहूकडे सारखं पसरतं, मध्ये ढेकूळ आलं तर त्याला वळसा घालून पुढे जातं, तसे हे आकडे पसरत जातात. हायड्रंटच्या घरात ज्या क्षणी आकडा पडतो, तीच सर्वांत कमी लांबी. मग तिथून उलटं चालायचं. हायड्रंटला ३१७ आकडा आला असेल, तर तिथून शेजारच्या ३१६ मध्ये, तिथून ३१५ मध्ये, असं शून्यापर्यंत. वाट असली तर सापडतेच, आणि तिच्याहून आखूड दुसरी नसते. याला सिद्धता आहे, अंदाजपंचे काही नाही.

पण ही वाट फिटरला दाखवलीत तर तो हसेल. १२ घरं पूर्वेला आणि ९ घरं उत्तरेला जायचंय, मध्ये अडथळा नाही, असं समजा. लांबी २१ घरं. या एकाच लांबीच्या वाटा किती? २,९३,९३०. त्यांतल्या फक्त दोन वाटांना एकच वळण आहे : आधी सगळं पूर्वेला मग उत्तरेला, किंवा उलट. एखाद्या वाटेत मात्र १८ वळणं येतात, नुसती पायऱ्यांची रांग. लीच्या आकड्यांना या सगळ्या वाटा सारख्याच. फिटरला त्या सारख्या नाहीत, कारण प्रत्येक वळणाला एक एल्बो (वळणाचा जोड) आणि दोन वेल्ड लागतात. पंपालाही सारख्या नाहीत : साधा एल्बो पाण्याला जवळपास ३० व्यासांच्या सरळ पाइपाइतका अडवतो. १०० मिलिमीटरच्या पाइपाला हे ३ मीटर झाले, म्हणजे आपली ३० घरं.

तेव्हा नियम करायचा : सरळ एक घर पुढे गेलं तर खर्च १, वळलं तर आणखी ३०. खर्च सारखे नसले की डच गणिती डाइकस्ट्रा यांची १९५९ सालची रीत वापरतात. आकड्यांची पसरती लाट तीच, फक्त दर वेळी सर्वांत स्वस्त घर आधी पुढे सरकतं. इथवर सोपं आहे. खरी गंमत पुढे आहे, आणि घाईत लिहिलेले प्रोग्रॅम नेमके तिथेच चुकतात.

एका घरात दोन वाटा पोचल्या. पहिली पश्चिमेकडून आली, खर्च १००. दुसरी दक्षिणेकडून, खर्च ११०. प्रोग्रॅमनं स्वस्त ठेवली, महाग पुसली. पण पाइप तिथून उत्तरेला जायचाय! पहिलीला वळावं लागतं : १०० अधिक १ अधिक ३०, म्हणजे १३१. दुसरी सरळच जाते : १११. जी पुसली तीच पुढे स्वस्त ठरणार होती. म्हणजे ‘या घरापर्यंत किती खर्च आला’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणत्या दिशेनं आलात’ हेही विचारलं पाहिजे. म्हणून प्रत्येक घराच्या सहा नोंदी ठेवतात : चार बाजू, वर आणि खाली. ६४ लाखांच्या ३ कोटी ८४ लाख होतात, पण उत्तर बरोबर येतं. पुढे १९६८ मध्ये हार्ट, निल्सन आणि राफाएल यांनी ‘ए-स्टार’ ही रीत दिली. तिच्यात लाट मुक्कामाच्या दिशेला झुकते. उरलेल्या खर्चाचा अंदाज कधीही खऱ्यापेक्षा जास्त धरायचा नाही, एवढी एक अट पाळली की उत्तर तेच राहतं आणि वेळ खूप वाचतो.

पाइपाला जाडी असते, त्याचं काय? इथे एक नामी युक्ती आहे. पाइप रेघेइतका बारीकच मानायचा आणि यंत्रं, खांब फुगवायचे : पाइपाच्या अर्ध्या व्यासानं, शिवाय फ्लँजला (पाइप बोल्टनं जोडायच्या चकतीला) पाना लावायला हात जाईल इतकं. एल्बोलाही स्वतःचं अंग असतं. १०० मिलिमीटरच्या लाँग रेडियस (ऐसपैस वळणाच्या) एल्बोचं तोंड त्याच्या मध्यापासून १५२ मिलिमीटरवर येतं, त्यामुळे लगोलग दोन वळणं घ्यायची तर मध्ये तीसेक सेंटिमीटर लागतातच. हा नियम दिला नाही, तर स्क्रीनवर सुरेख आणि जागेवर अशक्य अशी लाइन निघते. एवढं करूनही शेडची मापं ड्रॉइंगशी तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून एखादा तुकडा मुद्दाम थोडा लांब ठेवतात आणि ‘जागेवर कापून वेल्ड करा’ असं लिहितात.

आता थोडं कडू बोलतो. आपल्याकडे वास्तूवाला येतो आणि टाकी ईशान्येलाच पाहिजे म्हणतो, मग पंप आणि वीज नैर्ऋत्येला का असेना. सॉफ्टवेअरला कारण कळत नाही. ‘उकळत्या लाइनजवळून जाऊ नका’ आणि ‘ईशान्य सोडू नका’ या दोन्ही अटी ते सारख्याच इमानानं पाळतं. एक उपकार मात्र होतो : टाकी दोन्हीकडे ठेवून प्रोग्रॅम चालवला, की वास्तूची किंमत मीटरमध्ये आणि एल्बोत लिहून मिळते.

जाहिरात सांगत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. वर सांगितलेलं सगळं एका पाइपाचं झालं. दुसरा पाइप टाकायचा तेव्हा पहिला त्याच्यासाठी अडथळा होऊन बसतो. म्हणजे कोणता आधी टाकायचा, यावर सगळं ठरतं. दहाच पाइप असले तरी त्यांचे क्रम ३६,२८,८०० होतात, आणि प्रत्येक क्रमाची मांडणी वेगळी निघू शकते. सगळे क्रम तपासायला वेळ नसतो, म्हणून हट्टी पाइप आधी घेतात. उतारानंच वाहणारी सांडपाण्याची लाइन पहिली, कारण तिला वर चढता येत नाही. मग जाडे पाइप. बारीक पाइप शेवटी, ते कुठूनही वळतात. शेवटच्याला वाटच उरली नाही, तर आधीचा एखादा उखडून पुन्हा टाकायचा. कोणता उखडायचा, हे बऱ्याचदा अजूनही स्क्रीनसमोर बसलेला ड्राफ्ट्समनच सांगतो.