आघाडीची जर्सी (सायकल शर्यत)

अनेक टप्प्यांच्या व्यावसायिक सायकल शर्यतीत एखाद्या क्रमवारीत त्या दिवशी पहिला असलेल्या सायकलपटूने घालायची ठरावीक रंगाची जर्सी. सर्वांत मानाची जर्सी एकूण वेळेची. सर्व टप्प्यांच्या वेळांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, त्याला ती मिळते. त्यामुळे एकही टप्पा न जिंकता ती अंगावर येऊ शकते.

रंगांमागे फार गूढ अर्थ शोधू नये. बहुतेक रंग वृत्तपत्रांनी आणि प्रायोजकांनी ठरवले आहेत. तूर द फ्रान्स 1903 मध्ये सुरू झाली, पण घोळक्यात आघाडीवीर ओळखू यावा म्हणून पिवळी जर्सी आली 1919 मध्ये. शर्यत भरवणारे ‘लोतो’ हे वृत्तपत्र पिवळ्या कागदावर छापले जाई. पहिला मानकरी यूजेन क्रिस्तॉफ. सायकलचा पुढचे चाक धरणारा चिमटा (फोर्क) मोडल्याने तो मागे पडला आणि शर्यत फिर्मां लांबोने जिंकली. इटलीच्या जिरोमध्ये 1931 पासून गुलाबी जर्सी आहे, कारण ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’चा कागद गुलाबी. स्पेनच्या वुएल्ताने मात्र नारिंगी, पांढरा, पिवळा, सोनेरी असे रंग बदलत 2010 मध्ये लाल स्वीकारला.

तूरमध्ये हिरवी जर्सी (1953) गुणांसाठी असते. टप्प्याच्या शेवटी व वाटेतल्या ठरावीक रेषांपर्यंतच्या वेगवान चुरशीत (स्प्रिंटमध्ये) गुण मिळतात, म्हणून ती बहुधा वेगवान स्प्रिंटरांकडे जाते. 1968 मध्ये प्रायोजकामुळे ती तेवढ्या वर्षापुरती लाल झाली होती. घाटमाथ्यांवरील गुणांची क्रमवारी 1933 पासून होती, पण तिची लाल ठिपक्यांची पांढरी जर्सी 1975 मध्ये आली. ठिपके चॉकलेट बनवणाऱ्या प्रायोजकाचे. पांढरी जर्सी तरुण सायकलपटूंमधील सर्वोत्तमाला मिळते. हे अर्थ सर्वत्र चालत नाहीत: जिरोमध्ये गुणांची जर्सी जांभळट आणि घाटांची निळी असते.

एकाच सायकलपटूकडे दोन क्रमवारींची आघाडी असेल, तर तो मोठ्या मानाची जर्सी घालतो आणि दुसरी त्या क्रमवारीतला पुढचा सायकलपटू वापरतो. म्हणजे रस्त्यावर हिरवी जर्सी दिसली तरी ती घालणारा गुणांत पहिला असेलच असे नाही. 1969 मध्ये एडी मेर्क्सने एकूण वेळ, गुण आणि घाट या तिन्ही क्रमवारी जिंकल्या. 2020 मध्ये तादेई पोगाचारने पिवळी, ठिपक्यांची आणि पांढरी जर्सी एकदम मिळवली.

जिरोमध्ये 1946 ते 1951 या काळात शेवटच्या क्रमांकालाही काळी जर्सी दिली जाई. ती दोनदा मिळवणारा लुइजी मालाब्रोका वेळ घालवण्यासाठी वाटेत लपून बसे, असे किस्से सांगितले जातात.