‘पचते’ म्हणजे धोका नाही?

‘ज्याला दारू पचते, त्याला व्यसन लागत नाही’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. घडतं बरंचसं उलट. यकृतात दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन होतं, मग एएलडीएच२ हे एन्झाइम त्याचा निपटारा करतं. जपान, चीन, कोरियातल्या अनेकांत हे एन्झाइम जन्मतःच लुळं असतं, मग ते विष अंगात साचतं. अर्ध्या ग्लासात चेहरा लालबुंद, छातीत धडधड, मळमळ. ग्लास आपोआप खाली ठेवला जातो, म्हणून त्यांच्यात व्यसन कमी आढळतं. (तरीही पीत राहिले, तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका मात्र वाढतो.) ज्याला काहीच होत नाही, त्याला हा ब्रेकच नाही. पडताळा हवाय? व्यसनमुक्तीसाठी डॉक्टर देतात त्या डायसल्फिरामच्या गोळीची माहिती वाचा: ती हेच एन्झाइम मुद्दाम बंद पाडते.