‘तीन महिने थांबा’, पण नेमकं कशासाठी?

पट्टीतली अकरावी किंवा बारावी गोळी. पाळीला अजून बरेच दिवस आहेत आणि तरीही कपड्यांवर तपकिरी डाग दिसतो. गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच सुरू केलेल्या अनेक जणी इथे धसका घेतात. गोळी आपल्याला मानवत नाही असं एकीला वाटतं, तर दुसरीला ती कामच करत नाहीये असं वाटतं. डॉक्टरांना विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘तीन महिने थांबा, होईल नीट.’ उत्तर बहुतेक वेळा बरोबरच असतं. पण ते सगळ्याच त्रासांना लागू पडत नाही, आणि कुठे पडत नाही हे समजावून सांगायला तपासणीच्या त्या पाच मिनिटांत कुणाला सवड नसते.

आधी डागाचं बघू. एरवी महिन्याच्या पहिल्या निम्म्यात इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवतं, मग प्रोजेस्टेरॉन ते पक्कं करतं, आणि दोन्ही संप्रेरकं एकदम ओसरली की अस्तर सुटून पाळी येते. मिश्र गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं कृत्रिम संप्रेरक) पहिल्या दिवसापासून एकत्र असतात आणि वरचष्मा प्रोजेस्टिनचा असतो. त्यामुळे अस्तर वाढतच नाही, ते पातळ होत जातं. या पातळ अस्तरातल्या रक्तवाहिन्या नाजूक असतात, आणि त्यांना सावरून धरायला गोळीतलं थोडंसं इस्ट्रोजेन कधीकधी अपुरं पडतं. मग आज इथे, उद्या तिथे, अस्तराचा एखादा कोपरा झिरपतो. तोच हा डाग. औषधाची रक्तातली पातळी साधारण आठवडा-दोन आठवड्यांत स्थिरावते, पण अस्तराला नवी घडी बसवायला दोन-तीन चक्रं लागतात. ‘तीन महिने’ आले ते इथून.

डाग पडला म्हणजे संरक्षण गेलं असं नाही. अट एकच, गोळ्या वेळच्या वेळी घेतलेल्या हव्यात. गोळी चुकणं हे मधल्या रक्तस्रावाचं अगदी नेहमीचं कारण आहे. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर ती गोळीही चुकल्यातच जमा. क्षयावरचं रिफाम्पिसिन किंवा फिट्सवरची काही औषधं चालू असतील, तर मात्र गोळीचा असर खरोखरच कमी होतो. सिगारेट ओढणाऱ्यांना असे डाग जास्त दिसतात.

गंमत अशी, की डागांचा हा त्रास काही अंशी इतर त्रास कमी केल्याची किंमत आहे. 1960 साली अमेरिकेत मंजूर झालेल्या पहिल्या गोळीत 150 मायक्रोग्रॅम मेस्ट्रॅनॉल, म्हणजे एक प्रकारचं इस्ट्रोजेन, आणि जवळपास 10 मिलिग्रॅम प्रोजेस्टिन होतं. आजच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत इस्ट्रोजेन 20 ते 35 मायक्रोग्रॅम असतं. त्या पहिल्या गोळीची मोठी चाचणी 1956 पासून पोर्तो रिकोत झाली. तिथली जबाबदारी सांभाळणाऱ्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी कळवलं, की गोळी गर्भधारणा रोखते, पण 17 टक्के बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, उलट्या होतात आणि हे प्रमाण फार आहे. गोळीचे एक जनक ग्रेगरी पिंकस यांनी यातला बराचसा भाग मनाचे खेळ ठरवला. पुढे मात्रा उतरवत आणावी लागली, यावरून कोण बरोबर होतं ते ठरवता येईल.

मात्रा उतरल्याने मळमळ कमी झाली, संपली नाही. ती इस्ट्रोजेनमुळे होते. गोळी रात्री, जेवणानंतर घेतली तर बरीच सुसह्य होते आणि काही आठवड्यांत सहसा जाते. स्तन हुळहुळे होणंही याच जातीचं. दोन पट्ट्यांमधल्या, गोळ्या नसलेल्या आठवड्यातच डोकं दुखत असेल, तर ते इस्ट्रोजेन अचानक तुटल्यामुळे असू शकतं. त्या आठवड्यातला रक्तस्रावही खरी पाळी नसते, औषध थांबल्याचा तो परिणाम असतो. म्हणून डॉक्टर कधीकधी खंड न पाडता पुढची पट्टी सुरू करायला सांगतात.

आता जिथे तीन महिन्यांचा हिशेब चालत नाही तिकडे वळू. तीन महिन्यांतून एकदा घ्यायच्या गर्भनिरोधक इंजेक्शनाचं औषध एकदा टोचलं की काढून घेता येत नाही. सुरुवातीला रक्तस्राव वेळीअवेळी होतो, आणि वर्षभरानंतर साधारण निम्म्या जणींची पाळी थांबलेली असते. ते अपेक्षितच आहे. दंडात बसवायच्या कांडीचा रक्तस्राव मात्र दीर्घकाळ लहरी राहू शकतो. हार्मोनवाल्या तांबीला स्थिरावायला तीन ते सहा महिने लागतात.

वजनाबद्दल बोलबाला फार. नकली गोळीशी तुलना केलेल्या चाचण्यांत मिश्र गोळीने वजन वाढल्याचा ठोस पुरावा सापडलेला नाही. इंजेक्शनाचं तसं नाही. काही जणींचं वजन त्याने वाढतं, आणि पहिल्या सहा महिन्यांत स्पष्ट वाढलं असेल तर पुढेही वाढण्याची शक्यता जास्त असते. इथे थांबून बघण्यात अर्थ नाही.

मनःस्थितीचा प्रश्न अवघड आहे. 2016 साली डेन्मार्कमधल्या दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींत संप्रेरक गर्भनिरोधक सुरू केल्यावर नैराश्यावरची औषधं लागण्याचं प्रमाण थोडं जास्त आढळलं, आणि किशोरवयीन मुलींत अधिक ठळकपणे. यावरून कारण सिद्ध होत नाही. पण गोळी सुरू केल्यावर आपण आपल्यासारख्या उरलो नाही असं एखादी म्हणत असेल, तर तिला तीन महिने वाट बघायला लावणं मला पटत नाही.

रक्ताच्या गुठळीच्या बाबतीत तर थांबणं धोक्याचंच. मिश्र गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या 10,000 स्त्रियांमध्ये वर्षाला सुमारे 2 जणींना गुठळी होते. गोळीतलं प्रोजेस्टिन कोणतं यावर आकडा बदलतो: लेव्होनॉरजेस्ट्रेलवाल्या मिश्र गोळीत 5 ते 7, तर डेसोजेस्ट्रेल किंवा ड्रोस्पायरेनोनवाल्या गोळीत 9 ते 12. आकडा लहान आहे, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर याहून जास्त असतो. पण धोका सर्वाधिक असतो तो पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या काही महिन्यांत. महिनाभर किंवा जास्त खंड पडून पुन्हा गोळी सुरू केली की तो पुन्हा वाढतो. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप लागणं, छातीत दुखणं, कधी नव्हे इतकं डोकं दुखणं, दिसायला किंवा बोलायला त्रास होणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. डोकेदुखीआधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसणारी अर्धशिशी असेल, किंवा पस्तिशी उलटून सिगारेट चालू असेल, तर मिश्र गोळी सुरूच करू नये.

आणि तीन महिने उलटूनही डाग थांबले नाहीत तर? डॉक्टर आधी गोळ्या चुकल्या का ते विचारतात, मग गर्भधारणा आणि जंतुसंसर्ग नाही ना हे तपासतात, आणि त्यानंतरच जास्त इस्ट्रोजेनची किंवा वेगळ्या प्रोजेस्टिनची गोळी देतात. रक्तदाबही याच भेटीत मोजून घ्यावा. सोबत न्यायचं ते कॅलेंडर, ज्यावर डाग पडल्याच्या आणि गोळी चुकल्याच्या तारखा वेगवेगळ्या रंगांत मांडलेल्या आहेत.