बारकी स्टेपनी पुढच्या चाकाला लावण्याआधी हे वाचा

आमच्या बडोद्याच्या दुकानात वेगवान गाड्या घेऊन येणाऱ्या ग्राहकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "स्टेपनी लावून किती दिवस चालवली तर चालेल?" इथे दिवसांचा हिशेब लागूच होत नाही. डिकीतली ती बारीक, वेगमर्यादेचे स्टिकर लावलेली स्टेपनी पंक्चरच्या जागेपासून टायरच्या दुकानापर्यंत पोहोचण्यासाठी दिलेली असते. वेग जास्तीत जास्त ताशी ८० किलोमीटर, तोही रस्ता मोकळा आणि सरळ असेल तर. शहरातल्या शहरात अकोट्याहून मकरपुऱ्याला आठवडाभर कामावर जाण्यासाठी ती बनवलेली नाही.

तरीही खरे नुकसान ती किती चालवली यापेक्षा ती कुठे लावली यामुळे जास्त होते. हे पत्रक मुख्यतः त्यासाठी छापले आहे.

ऑक्टाव्हिया आरएस, गोल्फ जीटीआय, व्हर्टस जीटी, आय-२० एन लाइन या सगळ्या गाड्या पुढची चाके ओढतात. स्टिअरिंग पुढे, इंजिनाचे वजन पुढे, ब्रेक मारल्यावर बहुतेक भारही पुढेच येतो. पुढचे चाक पंक्चर झाले की साहजिकच त्याच जागी स्टेपनी लावली जाते. म्हणजे, उदाहरणार्थ, २२५ मिलिमीटर रुंद टायर जे काम करत होता, ते सगळे १२५ मिलिमीटरच्या टायरवर येते आणि दुसऱ्या बाजूला मात्र मूळचा रुंद टायर असतो. जोरात ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. थोडा जास्त अ‍ॅक्सिलरेटर दिला की बारके चाक जागच्या जागी फिरते, डॅशबोर्डवर दिवे लागतात आणि मग आम्हाला फोन येतो की गाडीचा सेन्सर गेला. सेन्सर बहुतेक वेळा ठणठणीत असतो. पण स्कॅनर लावून ते पटवून देण्यात आमचा आणि तुमचा तास जातो.

मूळची चाके बदललेल्या गाड्यांत त्रास आणखी वाढतो. समजा कंपनीचे २०५/५५ आर१६ काढून २२५/४५ आर१८ टाकले. आधीच्या टायरची उंची सुमारे ६३२ मिलिमीटर, नव्याची सुमारे ६६०. स्टेपनी मात्र जुन्या मापाचीच राहिली. ते चाक दर किलोमीटरला शेजारच्या चाकापेक्षा वीसेक फेरे जास्त फिरते. भरूचहून घरी येईपर्यंत हजाराच्या वर जादा फेरे होतात आणि तेवढा वेळ डिफरेन्शियलला (वळताना दोन बाजूंची चाके वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीला) सरळ रस्त्यावरही वळणावर असल्यासारखे काम करावे लागते. आतले छोटे गिअर थोड्या वेळच्या वळणांसाठी असतात, तासभर फिरत राहण्यासाठी नसतात. लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल (एकच चाक जागच्या जागी फिरू न देणारा प्रकार) असेल तर आतल्या प्लेटा घासतात, तेल तापते. चारही चाके ओढणाऱ्या गाडीत हा ताण पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या क्लचवरही येतो. तिथे गाडीचे मॅन्युअल सांगेल तेच करा, नाहीतर सरळ सपाट टोइंग गाडीवर चढवा.

म्हणून पुढचे चाक पंक्चर झाले तर आधी मागचे चांगले चाक काढून तिथे स्टेपनी लावा, गाडी खाली घ्या, मग ते चांगले चाक पुढे लावा. डावीकडचे चाक डावीकडेच राहू द्या, कारण पुष्कळशा स्पोर्ट टायरांना फिरण्याची दिशा असते. मागची बाजू उचलताना गाडी गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर पीमध्ये ठेवा आणि पुढच्या चाकांना विटा लावा, कारण हँडब्रेक मागच्याच चाकांना असतो. मागची चाके ओढणाऱ्या गाडीत पंक्चर मागे असेल तर हेच उलटे करायचे. पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे असतील तर ही अदलाबदल करू नका, आम्हाला फोन करा.

दोनदा जॅक लावायचा, वेळ जातो, मान्य आहे. एक्सप्रेसवेच्या कडेला ट्रक सुसाट जात असतील तर तिथे ही कसरत मुळीच करू नका. माणसे कठड्यापलीकडे उभी करा आणि हायवेच्या १०३३ नंबरवर मदत मागा. अगदीच निघावे लागले तर स्टेपनी पुढे लावून हळूहळू पहिल्या पेट्रोल पंपापर्यंत या आणि अदलाबदल तिथे करा.

मोठे ब्रेक बसवून घेतले असतील तर स्टेपनीचे रिम ब्रेकच्या कॅलिपरला (डिस्क पकडणाऱ्या भागाला) न घासता बसते का, हे घरी असतानाच पाहा. स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) असतील तर लांब बोल्ट स्टेपनीच्या पातळ लोखंडी रिमला चालत नाहीत, मूळचे बोल्ट डिकीत ठेवा. या स्टेपनीत बहुधा ६० पीएसआय हवा लागते, नेहमीच्या टायरच्या जवळजवळ दुप्पट. वर्षभर कोणी बघत नाही आणि गरजेच्या दिवशी ती बसलेली निघते. आमच्याकडे कुठल्याही कामाला आलात तर स्टेपनीची हवा आम्ही न सांगता तपासतो, त्याचे पैसे घेत नाही.

पंक्चर टायर सोबत आणा. बारक्या स्टेपनीच्या खड्ड्यात रुंद चाक मावत नाही म्हणून सामानासाठी ते घरी टाकून लोक तसेच पुढच्या प्रवासाला निघतात, आणि मग एका कामासाठी दोन खेपा होतात. डिकीत ठेवाल तेव्हा पट्ट्याने बांधा.

आम्ही टायर रिमवरून उतरवल्याशिवाय पंक्चर काढत नाही. बाहेरून दोरी भरण्यापेक्षा याला पैसे आणि वेळ दोन्ही जास्त लागतात, त्यावरून थोडी कुरबुर होते. पण हवा नसताना टायर थोडा जरी चालला असेल, तर आतून साइडवॉलच्या (टायरच्या बाजूच्या भिंतीच्या) रबराचा भुगा पडतो. बाहेरून काहीच दिसत नाही. डब्ल्यू रेटिंगचा टायर ताशी २७० किलोमीटरसाठी बनलेला असतो. आत न बघता तो परत गाडीला चढवायला आमचा हात धजत नाही. भोक मधल्या पट्ट्यात आणि लहान असेल तर आतून मशरूम पॅच (भोकात दांडी आणि आत चकती बसणारे ठिगळ) लावतो, साइडवॉलला असेल तर नवा टायरच घ्यावा लागतो. सीलंट भरले असेल तर आधी सांगा, म्हणजे आतला हवेच्या दाबाचा सेन्सर वेळेवर साफ करता येईल.

१८ इंची मापे बडोद्यात रोज तयार मिळतीलच असे नाही. यायच्या आधी टायरच्या साइडवॉलचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा : माप, त्यापुढचा आकडा आणि अक्षर, आणि टायर बनल्याची चार आकडी तारीख. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. तुम्ही पोहोचेपर्यंत आम्ही माल शोधून ठेवतो. टायर बाहेरून मागवावा लागला तर तोवर वापरायला योग्य मापाचे चाक अनामत घेऊन देतो, म्हणजे स्टेपनीवर दिवस काढावे लागत नाहीत.

बसवून झाले की टायर प्रेशरची सिस्टीम रीसेट करून देतो आणि बोल्ट टॉर्क पान्याने आवळतो. फोक्सवॅगन-स्कोडाला बहुधा १२० न्यूटन मीटर. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर एकदा पुन्हा दाखवून जा. आणि येताना लॉक बोल्टची (चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या बोल्टची) चावी गाडीत आहे ना, ते बघून निघा. ती नसेल तर चाक उतरवताच येत नाही.