सरकार पडलंय की देश बंद पडलाय?

तिकीट काढून झालंय आणि नेमके त्याच देशातले जळते टायर बातम्यांत दिसायला लागले की पोटात गोळा येतोच. पण टीव्हीवाले दोन वेगळ्या गोष्टी एकाच लाल पट्टीत कोंबतात. एक म्हणजे सत्तेचा गोंधळ, सरकार पडलं, लष्कर आलं वगैरे. दुसरी म्हणजे रोजचे व्यवहार ठप्प होणं, म्हणजे विमानतळ, पेट्रोल, एटीएम. दोन्ही एकत्र येतातच असं नाही.

बेल्जियममध्ये 2010-11 ला तब्बल 541 दिवस नवं सरकारच बनत नव्हतं, फिरायला गेलेल्यांना त्याचा पत्ताही नसेल. थायलंडची तर गंमतच. मे 2014 मध्ये तिथे चक्क लष्करी उठाव झाला, रात्री 10 ते पहाटे 5 कर्फ्यू, ऐकूनच धडकी भरावी, पण पासपोर्ट आणि तिकीट दाखवलं की रात्रीसुद्धा एअरपोर्ट गाठता येत होता. उलट नोव्हेंबर 2008 मध्ये ना उठाव ना रणगाडे, नुसते आंदोलक बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळात ठाण मांडून बसले आणि आठवडाभर विमानं बंद, प्रवासी अडकले ते अडकलेच. श्रीलंकेत राष्ट्राध्यक्ष पळाले जुलै 2022 मध्ये, पेट्रोलच्या रांगा मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून. नेपाळमध्ये 9 सप्टेंबर 2025 ला दोन्ही एकदमच झालं, पंतप्रधानांचा राजीनामा आणि काठमांडूचा विमानतळ बंद. तो दुसऱ्या दिवशी उघडला, ही बातमी किती जणांनी पाहिली?

म्हणून सरकार टिकेल का या भानगडीत मी पडत नाही. सरळ हॉटेलला फोन लावायचा. 'सगळं ठीक आहे ना' असं विचारलंत तर तो हो म्हणणारच, त्याला बुकिंग हवंय! काल आलेला गेस्ट एअरपोर्टवरून कसा आला, किती तास लागले, कार्ड चालतंय की रोखच द्यावी लागतेय, हे विचारा, मग बोलता बोलता खरं काय ते बाहेर पडतं.

अ‍ॅडव्हायझरी (म्हणजे त्या देशाच्या प्रवासाबद्दल सरकारने काढलेली सूचना) पूर्ण वाचा, बऱ्याचदा ती एखाद्या प्रांतापुरतीच असते. इन्शुरन्सचं मात्र लक्षात ठेवा, गोंधळ सुरू झाल्यावर काढलेली पॉलिसी त्याच गोंधळासाठी सहसा कामाला येत नाही. आणि एअरलाइनने फ्लाइट रद्द केली तर पैसे परत मिळतात, आपणच घाबरून रद्द केली तर बहुतेकदा बुडतात, त्यामुळे नाहीच जायचं असं ठरलं तरी कॅन्सलचं बटण मी शेवटच्या दिवसापर्यंत दाबत नाही.